रिकी मॅकॉर्मिकच्या खिशातल्या दोन चिठ्ठ्या: कुणाला काही अर्थ लागतोय का?

आयर्विनपूल (सांगली)

मंडळी, हे प्रकरण काही जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. ३० जून १९९९ ला अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट चार्ल्स काउंटीत, वेस्ट ऑल्टन गावाजवळच्या मक्याच्या रानात एक मृतदेह सापडला. कडक उन्हाळा, त्यामुळं चेहरा ओळखण्यापलीकडं गेलेला. बोटांच्या ठशांवरून नाव निघालं: रिकी मॅकॉर्मिक, वय ४१, राहणार सेंट लुईस. शाळा अर्धवट सोडलेली, हृदयाचं आणि फुप्फुसाचं जुनं दुखणं. शेवटचा दिसला तो पाच दिवस आधी, दवाखान्यात तपासणीला गेला होता तेव्हा. तो राहायचा तिथून हे रान १५ मैल, म्हणजे जवळपास २४ किलोमीटर. त्याच्याकडं गाडी नव्हती आणि त्या बाजूला बसही जात नव्हती. मरण कशानं आलं हे काही ठरलं नाही.

पँटच्या खिशात दोन चिठ्ठ्या निघाल्या. एफबीआयच्या सांकेतिक लेखन उकलणाऱ्या पथकानं त्या वर्षानुवर्षं घोटल्या. अमेरिकन क्रिप्टोग्राम असोसिएशन म्हणून हौशी कोडेबाजांची जुनी संघटना आहे, तिनंही हात टेकले. शेवटी २९ मार्च २०११ ला एफबीआयनं दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो जगासमोर ठेवले आणि खुनाच्या तपासात मदत करा म्हणून जाहीर आवाहन केलं. तेव्हापासून हौशे, नवशे, गवशे सगळे त्याला भिडलेत. एकाचंही उत्तर मान्य झालेलं नाही.

दोन्ही मिळून तीसच्या वर ओळी आहेत. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे, आडव्या रेघा आणि कंस. मी इथं अक्षरं मराठीतच लिहितो, सारखा कीबोर्ड बदलायचा वैताग येतो. हा एक तुकडा बघा:

(एफएलआरएसई पीआरएसई ओएनडीई ७१ एनसीबीई)
(सीडीएनएसई पीआरएसई ओएनएसडीई ७४ एनसीबीई)
(पीआरटीएसई पीआरएसई ओएनआरईडीई ७५ एनसीबीई)

तीन ओळी, तिन्हींची ठेवण एकच. काहीतरी, पीआरएसई, काहीतरी, आकडा, एनसीबीई. मला तर ही सरळ यादी दिसते. माझं मत आधीच सांगून टाकतो: हे दुसऱ्यापासून लपवण्यासाठी रचलेलं कोडं नाही, माणसानं स्वतःपुरतं केलेलं टिपण आहे. पटत नसेल त्यानं मोडून काढावं.

शेंगादाणा

जागा धरून ठेवतो. शेंगा भाजायला टाकल्यात.

पोवईनाका (सातारा)

एक बाळबोध शंका. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, असा साधा प्रकार असेल तर? इंग्रजीत ई सगळ्यात जास्त येतं. चिठ्ठीत जे अक्षर सगळ्यात जास्त येतंय त्याला ई धरायचं आणि पुढं सरकायचं. हे कुणी केलंच नाही का?

बीजगणित (गोडोली, सातारा)

पोवईनाका दादा, ते पहिल्या दिवशीच झालं असणार. क्लॉड शॅनन या गणितज्ञाचा सांकेतिक लेखनावरचा १९४९ चा प्रसिद्ध निबंध आहे. त्यातल्या हिशेबानं साधी अक्षरबदली असेल तर इंग्रजी मजकूर तीसेक अक्षरांचा असला तरी पुरतो, उत्तर एकच निघतं. इथं शेकडो अक्षरं आहेत. अक्षरबदली असती तर शाळेतल्या पोरांनी दुपारच्या सुट्टीत सोडवली असती.

आता गंमत बघा. चिठ्ठीत वरचेवर येणारी अक्षरं म्हणजे ई, एस, एन, आर, टी, एल. साध्या इंग्रजीतही हीच मंडळी पुढच्या बाकावर असतात. बदली झाली असती तर क्यू, झेड, व्ही असली मागची अक्षरं वर आली असती. आणि ई सोडला तर स्वर फारच कमी. याचा सरळ अर्थ मी असा लावते की अक्षरं आपापल्या जागीच आहेत, मधले स्वर गाळलेत, आणि शब्दाच्या शेवटी ई किंवा एसई चिकटवलंय. हे एसई म्हणजे शब्द संपल्याची खूण आहे की आणखी काही, खरा अडसर तिथं आहे. पण मुळात आयर्विनपूल म्हणतात त्याला माझं अनुमोदन.

भडंग (सांगली)

कशाला एवढी डोकेफोड लगा. एआयला फोटो दिला, अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. माल कुणाकडनं घ्यायचा, पैसे कुठं ठेवायचे, सगळं. केस क्लोज. पार्टी कुणाकडं?

बीजगणित

भडंग, नवीन खिडकी उघडा आणि तोच फोटो परत द्या. पहिलं उत्तर काय आलं होतं ते सांगू नका.

भडंग

दिला. आता गॅरेजमधल्या सामानाची यादी आलीय. 😐

शेंगादाणा

पार्टी गॅरेजमध्ये.

मोडीवाचक (सातारा)

धागा रंजक आहे. मी बरीच वर्षं मोडी कागद वाचतो, तेव्हा दोन गोष्टी त्या अंगानं मांडतो.

पेशवाईतला साधा हिशेबाचा कागद घ्या. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'प॥' म्हणजे परगणे. 'पा॥' आलं की थांबावं लागतं, कारण ते कुठं पाटील असतं आणि कुठं पाठविले. तारखेच्या आधी नुसता 'छ' असतो, तो मुसलमानी महिन्याचा चंद्र. लिहिणाऱ्या कारकुनाला यात काही लपवायचं नव्हतं. कागद महाग, काम फार आणि वाचणारा शेजारच्याच बैठकीवर. आज नवशिक्याला तो कागद दिला तर तो शपथेवर सांगेल की हे गुप्त लेखन आहे.

खरं गुप्त लेखनही आपल्याकडं होतं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत ठेवले. त्यात अक्षरांची अदलाबदलच होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती संशोधकांना उलगडली, कारण पोथ्या पुष्कळ होत्या आणि सगळ्यांना किल्ली एकच. व्यापाऱ्यांची नंदभाषाही तशीच. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन. गिऱ्हाइकासमोर भाव बोलायला ती वापरत. पण हजार तोंडी झालेलं गुपित कितीसं टिकणार? कोशकारांनी ते कोशात नोंदवलं, आज कुणीही वाचावं.

आता हा रिकी. लिहिणारा एक, वाचणारा तोच, कागद दोन. किल्ली त्याच्या डोक्यात होती. माझ्या मते सकळ लिपीपेक्षा हे काम अवघड आहे, आणि तेही हे अधिक साधं असूनसुद्धा.

आयर्विनपूल

काका, दंडवत. 'अधिक साधं असूनसुद्धा' हे नेमकं बोललात.

मिरजकर_ओहायो

मूळचा मिरजेचा, सध्या मुक्काम ओहायो. बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी.

७१, ७४, ७५ हे तीन आकडे वाचून ताडकन उठून बसलो. अमेरिकेत इंटरस्टेट म्हणून जे मोठे महामार्ग आहेत, त्यातले ७१, ७४ आणि ७५ हे तिन्ही एकाच शहरात एकत्र येतात: सिनसिनाटी. मी त्या रस्त्यानं नेहमी जातो. तिन्ही ओळींची ठेवण एक, तिन्हींत 'ओएन'नं सुरू होणारा शब्द, इंग्रजीत रस्त्यावर असणं याला 'ऑन'च म्हणतात, आणि नंतर रस्त्याचा नंबर! एनसीबीई मधला सी म्हणजे सिनसिनाटी असेल का? ज्याच्याकडं गाडी नव्हती तो मेला घरापासून इतका लांब, म्हणजे कुणाच्या तरी गाडीतून फिरत होता. रस्त्यांची टिपणं ठेवायला कारण आहे.

पोवईनाका

अंगावर काटा आला राव.

ओपनक्लोज (सांगली)

+१. हे एफबीआयला कळवा कुणीतरी.

बीजगणित

मिरजकर, तुमची नजर दाणगट आहे, पण या रस्त्यानं फार पुढं जाता येत नाही. का ते सांगते.

तुम्ही आकड्यांना रस्ते म्हणताय ना? मग त्याच चिठ्ठीत कंसात '(१९४ डब्ल्यूएलडी'एस एनसीबीई)' आहे. इंटरस्टेट १९४ पण आहे अमेरिकेत! मिशिगनमध्ये, बॅटल क्रीक गावाला. सिनसिनाटीहून बरंच उत्तरेला. म्हणजे तो तिकडंही गेला म्हणायचं? अमेरिकेत दोन-तीन आकडी नंबरांचे इतके रस्ते आहेत की कुठलाही आकडा घ्या, रस्ता निघतो. १९४ ऐवजी २९४ असता तर तोही निघाला असता, शिकागोला.

दुसरं, एनसीबीई फक्त आकड्यांनंतर येत नाही. 'डब्ल्यूएलडी एनसीबीई' अशी जोडी दोन्ही कागदांवर येते, आणि तिथं आकडाबिकडा काही नाही. एनसीबीईचा अर्थ सिनसिनाटी लावलात तर त्या सगळ्या जागी सिनसिनाटी बसवून दाखवावं लागेल. नाही बसलं की लोक काय करतात? म्हणतात, इथं त्याचा अर्थ वेगळा आहे. एकदा ही सूट घेतली की मग काहीही वाचता येतं.

याच कारणानं झोडियाक या अमेरिकेतल्या, कधीच न सापडलेल्या खुन्याच्या चिठ्ठीची शेकड्यांनी खोटी उत्तरं फिरली. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्राला ३४० चिन्हांचा मजकूर पाठवला होता. त्याआधीचा ४०८ चिन्हांचा मजकूर एका शाळामास्तरांनी आणि त्यांच्या बायकोनं थोड्याच दिवसांत फोडला होता, म्हणून सगळ्यांना वाटलं हा पण फुटेल. फुटला थेट डिसेंबर २०२० मध्ये. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियममधले तिघं हौशी लोक, पोलिसातलं कुणी नाही. चिन्हं तिरकी वाचायची होती, एक ओळ खाली आणि दोन घरं उजवीकडं. संगणकावर वाचायच्या लाखो वाटा चाळल्या तेव्हा ती एक सापडली. आणि ते उत्तर एफबीआयनं मान्य केलं, ते का? वाट ठरल्यावर एकाच किल्लीनं ओळीच्या ओळी आपोआप इंग्रजी झाल्या. दर ओळीला नवा बहाणा करावा लागला नाही.

मिरजकर_ओहायो

बॅटल क्रीकचं माहीत नव्हतं. पण तीन ओळींत तेच तीन रस्ते आणि तेही एकाच शहरातले, हा योगायोग मला सहज गिळवत नाही.

औषधगोळी (विटा)

मी मेडिकल चालवतो. माणूस हृदयाचा पेशंट, नुकताच दवाखान्यातून आलेला. आमच्याकडं येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस असलं लिहिलेलं असतं, ते बाहेरच्याला गूढच. ही औषधांची टिपणं असतील का? पण '२६ एमएलएसई' मधलं एमएल औषधाचं म्हणावं तर पुढच्या '७४ एसपीआरकेएसई'चं काय करायचं, तिथं माझं घोडं अडतं.

भडंग

स्पार्क! ७४ स्पार्क प्लग! एआय बरोबर होता, गॅरेज!

ओपनक्लोज

थांबा, थांबा. त्याच ओळीत '२९केईएनओएसओएलई' आहे. के-ई-एन-ओ. केनो! आकड्यांचा जुगार आहे तो, अमेरिकेत जोरात चालतो. आता सगळी ओळ बघा: २६, ७४, २९, १७३. दोन आकडी म्हणजे जोडी, तीन आकडी म्हणजे पाना. आपल्या टपरीमागं ज्या चिठ्ठ्या फाटतात त्या आणि ही, फरक सांगा मला. चिठ्ठी घेऊन मेला म्हणजे बाजी लागली होती आणि वसुलीवाल्यानं काटा काढला. मटका म्हणजे मटका, मुंबई असो नाहीतर मिसुरी.

शेंगादाणा

ओपनक्लोज यांचा या क्षेत्रातला अभ्यास दांडगा दिसतो.

ओपनक्लोज

वडिलोपार्जित.

करवंद (वाई)

सकाळपासून वाचतेय, आता राहवत नाही. एक माणूस मेला. त्याची आई होती, नातेवाईक होते. तुम्ही त्याच्या खिशातला कागद काढून त्यावर मटका लावताय. शब्दकोडं आहे का हे? आणि 'अर्धशिक्षित माणूस, याला कुठलं कोड जमणार' असा सूर काही जणांचा आहे, तो तर मुळीच पटला नाही.

आयर्विनपूल

करवंदताई, म्हणणं रास्त आहे. त्याच्या घरच्यांबद्दल धाग्यात लिहायचं राहिलं होतं. २०११ मध्ये पोलिसांकडून आलेली माहिती अशी होती की रिकीला लहानपणापासून असल्या सांकेतिक टिपणांची सवय होती, पण घरात ती कुणालाच वाचता यायची नाहीत. पुढं २०१२ मध्ये सेंट लुईसच्या एका साप्ताहिकानं घरच्यांना गाठलं तर त्यांनी उलटं सांगितलं. त्याला धड लिहिताच येत नव्हतं, नाव लिहायचा आणि बाकी रेघोट्या. चिठ्ठ्यांचं म्हणाल तर आपल्याला त्या बातम्यांतूनच कळल्या, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे दोन वाटा आहेत. एक, चिठ्ठ्या त्याच्याच आहेत. दोन, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या त्याच्या खिशात आल्या. मी पहिल्या वाटेनं चाललोय, पण दुसरी बंद झालेली नाही.

वाणआळी (कराड)

'धड लिहिता येत नव्हतं' यावर बोलतो.

आमच्या वडिलांचं किराणा दुकान. शाळा चौथीपर्यंत. उधारीची वही मात्र कुणी बोट ठेवू नये अशी. त्यात गिऱ्हाइकाचं नाव एकाही पानावर नाही. एकाला नुसता गोल, एकाला 'पु', एकाला 'पु' खाली रेघ, एकाला विळ्यासारखी खूण. आकड्यांपुढं कधी टिंब, कधी फुली. वडील गेल्यावर आम्ही भाऊ वही घेऊन बसलो. 'पु' म्हणजे पुलापलीकडचे, हे आईनं सांगितलं. रेघवाले म्हणजे त्यांचे भाऊबंद. विळा कोण ते आईलाही सांगता आलं नाही. पुढं एक बाई स्वतः येऊन पैसे ठेवून गेल्या, म्हणाल्या दर सुगीला फेडत होतो. सुगी, म्हणून विळा! टिंब आणि फुलीचा अर्थ अजून लागलेला नाही आणि बरीच रक्कम त्या फुलीखाली आहे.

तेव्हा कमी शिकलेल्याला खुणा करता येत नाहीत हे मला कुणी सांगू नये. उलट ज्याला शुद्धलेखन येत नाही तोच स्वतःच्या खुणा पाडतो.

करवंद

हे आवडलं. माझा राग खाली आला, मटक्यावरचा सोडून.

मोडीवाचक

वाणआळी, ती वही जपून ठेवा. टिंब-फुलीची पानं इथं टाकू नका, गिऱ्हाइकं अजून हयात असतील. मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.

संपादक मंडळ

धागा चांगला चालला आहे. एक विनंती. रिकीच्या ओळखीच्या लोकांची नावं घेऊन 'हाच खुनी' असं लिहिणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. ज्यांच्यावर आरोप झालेला नाही त्यांची नावं इथं नकोत.

पोवईनाका

एक अवांतर. ऑस्ट्रेलियातल्या त्या सॉमर्टनच्या माणसाचं पण असंच होतं ना? त्याचं कोडं सुटलं म्हणे.

बीजगणित

माणूस सापडला, कोडं नाही सुटलं. १ डिसेंबर १९४८ ला ॲडिलेडजवळ सॉमर्टनच्या किनाऱ्यावर तो मृतावस्थेत सापडला. खिशात 'तमाम शुद' (फारसीत 'संपलं') छापलेला कागदाचा कपटा, तो उमर खय्यामच्या रुबायांच्या पुस्तकातून फाडलेला. पुढं ते पुस्तक मिळालं, त्याच्या मागच्या पानावर अक्षरांच्या पाच ओळी, त्यातली एक खोडलेली. जगानं त्याला हेर करून टाकलं. २०२२ मध्ये ॲडिलेडचे प्राध्यापक डेरेक ॲबट यांनी केसातल्या डीएनएवरून नाव काढलं: कार्ल वेब, मेलबर्नचा, विजेच्या कामातला माणूस. घोड्यांवर पैसे लावायची आवड होती म्हणतात, म्हणून काहींना ती अक्षरं घोड्यांच्या नावांची आद्याक्षरं वाटतात. हेरगिरीची सगळी भव्य इमारत, आणि खाली शर्यतीचं टिपण असायची शक्यता!

ओपनक्लोज

बघा. शेवटी जुगारच.

बीजगणित

😄 बरं, आता एक प्रयोग करू या. मी पर्समधली एक जुनी चिठ्ठी काढलीय. स्वतःपुरती लिहिलेली खरीच चिठ्ठी आहे, फक्त रिकीच्या पद्धतीनं उतरवून देते: स्वर गाळलेत, शब्दाची पहिली दोनच अक्षरं ठेवलीत आणि शेवटी 'स' लावलाय. भाषा मराठी, गाव सातारा, सगळं तुमच्या ओळखीचं. वाचा.

हळस पवस, गळस ५
(बबस अषस ११)
७४ मरस - शळस - परस

शेंगादाणा

सोप्पं. हळद पाव किलो, गूळ ५ किलो. बाबांचं औषध ११ वाजता. ७४ म्हणजे मिरची, ७४ रुपयांची. पुढचं तुमचं तुम्ही.

भडंग

मिरचीच! एआय पण मिरची म्हणतोय. शाळेची पण खरेदी आहे, 'शळस' म्हणजे शाळा.

मिरजकर_ओहायो

मिरची कसली? मिरज! ७४ हा बसचा नंबर. मिरज, शाळा, परत. शाळेपर्यंतची फेरी आहे.

ओपनक्लोज

७४ ही जोडी. बोलायची सोय नाही इथं.

औषधगोळी

गूळ नसणार. दुसऱ्याच ओळीत औषध आहे. 'गळस ५' म्हणजे गोळ्या ५.

वाणआळी

हळदीशेजारी लिहिलंय तर गूळच. किराणा एका ओळीत येतो. आमचा जन्म गेला त्यात.

मोडीवाचक

ताई, एका कागदावर मी बोलणार नाही. याच हातची दुसरी चिठ्ठी द्या.

बीजगणित

काकांनी बरोबर तेच मागितलं. घ्या, त्याच महिन्यातली:

मरस ७४, गणस ९१, इगस ८०
शळस शनस ९
गळस सपस - अषस दकस

मोडीवाचक

मराठी ७४, गणित ९१, इंग्रजी ८०. शाळा शनिवार ९ वाजता. गोळ्या संपल्या, औषधाचं दुकान. आता मागं जाऊन पहिली चिठ्ठी वाचतो. 'मरस' मिरज नाही, मिरचीही नाही, मराठीचे गुण ७४. ते शाळेत परत तपासायला द्यायचे असावेत. 'गळस ५' बाबतीत औषधगोळी जिंकले. 'बबस अषस ११' मधले ११ वाजलेले की ११ तारीख, हे दोन्ही कागदांवरून ठरत नाही.

बीजगणित

काका, साष्टांग. ११ तारीख. त्या दिवशी औषध संपतं. बाकी सगळं बिनचूक. लेकीचा पेपर शाळेत परत तपासायला द्यायचा होता.

एफबीआयच्या त्या पथकाचे तेव्हाचे प्रमुख डॅन ओल्सन यांनी २०११ मध्येच म्हटलं होतं की रिकीच्या हातचा असाच आणखी एखादा नमुना कुणाकडं असेल तर तो मोलाचा ठरेल. मजकूर वाणसामानाची यादी निघाली तरी चालेल, ती कशी वाचायची हे आम्हाला बघायचंय, अशा अर्थाचंही ते बोलले होते.

वाणआळी

गूळ हरला. असो. पण रिकीचेही दोन कागद आहेतच की. काकांनी जे केलं ते तिथं का होत नाही?

आयर्विनपूल

ताईंच्या दुसऱ्या कागदावर मराठी, गणित, इंग्रजी असे तीन विषय रांगेत आले आणि 'मरस' फुटलं. तिन्ही ओळखीचे होते. रिकीच्या दोन्ही कागदांवर एक डब्ल्यूएलडी एनसीबीई आहे आणि दुसरं आरसीबीआरएनएसई. दोन्ही परत परत येतात, पण शेजारी ओळखीचं असं काही नाही, म्हणून हात धरायला जागा मिळत नाही. मला वाटतं डब्ल्यूएलडीपासून सुरू करावं. ते सुटंही येतं, दुसऱ्या शब्दाला चिकटूनही येतं, आणि एका ठिकाणी त्याला अनेकवचनासारखा एस लागलाय. इतक्या प्रकारे वापरलेला दुसरा शब्द त्या कागदांवर मला दिसत नाही.

मिरजकर_ओहायो

'वुड'? 'वर्ल्ड'? 'वेल्ड'? भडंगच्या गॅरेजवाल्या यादीत वेल्डिंग चालेल.

पोवईनाका

'वुड' म्हटलं तर १९४ नंतर एस कसा लागेल? लाकडं मोजली?

मिरजकर_ओहायो

तेच तपासतोय. डब्ल्यूएलडी जिथं जिथं आलंय त्याच्या आधीचं आणि नंतरचं काय आहे, असा तक्ता करायला घेतलाय. प्रत्येक अर्थ सगळ्या घरांत बसवायचा, एका घरात जरी अडला तरी काट मारायची. सिनसिनाटीलाही तोच नियम लावतो, बीजगणित ताई, म्हणजे तुमचं समाधान. तुमच्याकडं सकाळ होईपर्यंत तक्ता इथं टाकतो.

बीजगणित

टाका. चिकटून आलेले वेगळ्या रकान्यात घ्या, नाहीतर घोळ होईल. उदाहरणार्थ 'एचएलडीडब्ल्यूएलडी'. तिथं शब्द कुठं तोडायचा हाच आधी वाद आहे.

भडंग

मी एआयला तक्त्याच्या जवळ फिरकू देत नाही, शब्द. पण मिरची कुठं मिळते हो ७४ ला?